फोडकाकांनी सांगितलेले अर्थ

कोर्टाच्या आवारात दस्तलेखकांसाठी नवी खोली बांधली आहे, आणि तिच्या दारावर फोडकाकांच्या स्मरणार्थ पाटी लावली आहे. पाटी संगमरवरी आहे. तिच्यावर 'कायद्याच्या शब्दांचे थोर जाणकार' असे कोरले आहे. मी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटले, कोरणाऱ्याची चूक झाली असावी. ती झालेली नव्हती.

मला लिहायची सवय नाही. चाळीस वर्षे मी कोर्टाच्या नक्कल विभागात दुसऱ्यांनी लिहिलेले उतरवून काढले. तिथे पदरचा स्वल्पविराम घालायचीसुद्धा मुभा नसते. तेव्हा हे कितपत जमेल ते सांगता येत नाही. पण दगडावर खोटे कोरायला लोकांना लाज वाटत नसेल, तर मी कागदावर खरे लिहायला का लाजावे?

फोडकाकांचे टेबल आमच्या खिडकीच्या बरोबर खाली होते. खिडकीला काच नव्हती, नुसती जाळी होती, त्यामुळे त्यांचा शब्दन् शब्द वर यायचा. त्यांचा धंदा लोकांना दस्त लिहून देण्याचा: खरेदीखत, भाडेकरार, बक्षीसपत्र, मृत्युपत्र. हा धंदा त्यांना सासऱ्याकडून मिळाला. सासरा म्हणे खरा जाणता होता. जाताना त्याने जावयाला टेबल दिले, खुर्ची दिली, जुन्या मसुद्यांचा गठ्ठा दिला. अक्कल तेवढी तो बरोबर घेऊन गेला. मसुद्यावरून मसुदा उतरवायला अक्कल लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. तेवढ्यावर भागवले असते तर काका एक साधे, निरुपद्रवी दस्तलेखक म्हणून मेले असते.

पण त्यांना अर्थ सांगायची हौस होती. दस्तातल्या जुन्या शब्दाला पक्षकार अडला, की काकांचा चेहरा खुलायचा. ते चष्मा कपाळावर सरकवायचे, पेन्सिल कानामागून काढायचे आणि म्हणायचे, "थांबा. फोड करू." मग तो शब्द मधोमध चिरायचा आणि दोन्ही तुकड्यांचा आपल्या मनाने अर्थ लावायचा. यावरूनच त्यांना फोडकाका नाव पडले. ते त्यांना भूषण वाटे.

फिर्याद म्हणजे काय? फिरून याद. झालेली गोष्ट कोर्टाला पुन्हा आठवून द्यायची, ती फिर्याद. खरे तर तो शब्द फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ आक्रोश. पण आक्रोशाला गिऱ्हाईक कोण? 'फिरून याद' ऐकून लोक माना डोलवायचे. जामीन म्हणजे ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन आहे तो. एका भाडेकरूने हे ऐकून मित्राला जामीन राहायचे नाकारले, कारण त्याच्याकडे वीतभरही जमीन नव्हती. तो मित्र दोन आठवडे आत बसला. सदरहू म्हणजे नुसता 'वर सांगितलेला'. काकांनी सांगितले, सदरेवर बसवण्याच्या लायकीचा माणूस. सायकलचोरीतला एक आरोपी स्वतःला 'सदरहू इसम' म्हटलेले पाहून इतका सुखावला, की त्याने तो कागद घरी नेऊन बायकोला दाखवला.

टेबलावर एक जाडजूड पुस्तक असे, लाल कापडी बांधणीचे. कोणी शंका काढली की काका त्यावर पंजा ठेवत आणि म्हणत, "ग्रंथात आहे." पुस्तक कधी उघडत नसत. एकदा ते जेवायला गेले असताना मी खाली उतरून ते उघडले. आत शिवणयंत्रांच्या सुट्या भागांची यादी होती, चित्रांसह. मी ते मिटून होते तसे ठेवले आणि वर जाऊन नकला करत बसलो. कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर मला विचारले गेले असते, की तुम्ही दुसऱ्याच्या टेबलाला हात का लावलात.

इथवरचे सगळे हसण्यावारी नेता येईल. चष्मेवाल्याचे तसे नाही.

कोर्टासमोर एका बोळकांडीत एक म्हातारा चष्मे दुरुस्त करून देत असे. जागा भाड्याची. मालकाने दावा लावला आणि निकालाचा कागद म्हाताऱ्याच्या हातात पडला. त्यात लिहिले होते, की प्रतिवादीस मिळकतीतून बेदखल करण्यात यावे. तो कागद घेऊन तो काकांकडे आला. मी जाळीतून पाहत होतो. काकांनी चष्मा वर केला. "बे म्हणजे बिन," ते म्हणाले. "बिनदखल. म्हणजे तुमची कुणी दखल घ्यायची नाही, तुमच्या वाटेला जायचं नाही. जिंकलात तुम्ही. निवांत राहा."

आज आपण 'दखल घेणे' म्हणतो ते लक्ष देण्याला. जुन्या कागदांत दखल म्हणजे ताबा. बेदखल म्हणजे ताबा काढून घेणे, सरळ भाषेत बाहेर काढणे. अपिलाची मुदत तीस दिवसांची होती. म्हातारा तीस दिवस निवांत राहिला. एकतिसाव्या दिवशी बेलीफ आला तेव्हा तो एका बाईच्या चष्म्याची काडी बसवत होता. बेलिफाने त्याला काडी बसवू दिली, इतकी माणुसकी दाखवली. काकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "अर्थ बरोबरच होता. कोर्टानं चुकीचा लावला."

मी हे सगळे वरून ऐकले होते. बेदखल हा शब्द मी हजारदा उतरवला असेल. जिना उतरायला मला अर्धे मिनिट लागले असते.

आता अक्कांचे सांगतो, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे. अक्का रफू करतात. कोर्टाच्या मागच्या दारासमोर त्यांचे दोन खोल्यांचे घर आहे. पुढच्या खोलीत खिडकीशी त्या बसतात आणि वकिलांचे काळे कोट सांधतात. काळ्यावर काळा रफू करणे हे फार कसबाचे काम. त्या म्हणतात, वकील कोपरावर आणि खिशाशी झिजतो, बाकी कुठे झिजत नाही. यजमान जाऊन पंधरा वर्षे झाली. मूलबाळ नाही. घर त्यांच्या एकट्यांच्या नावावर, आणि सासरकडून उरलेला एक पुतण्या.

पुतण्या गोड होता. आला की काकूच्या पाया पडायचा, जाताना पिशवीभर फळे ठेवायचा. अक्कांचे गुडघे धरल्यापासून तो जास्तच येऊ लागला. विजेचे मीटर अजून आमच्या गेलेल्या काकांच्या नावावर आहे, ते बदलायला चार खिडक्यांवर उभे राहावे लागते, तुम्ही कुठे उभ्या राहणार, मला एक मुखत्यारपत्र करून द्या, मी सगळे बघतो, असे त्याने चार-पाच वेळा सांगितले. अक्का तयार झाल्या. ओळख पटवायला दोन साक्षीदार लागतात. एक पुतण्याचा मित्र, आणि दुसरा घरचाच हवा म्हणून अक्कांनी मला सांगितले.

पुतण्या आम्हाला वकिलाकडे न नेता फोडकाकांकडे घेऊन गेला. मला तेव्हाच समजायला हवे होते. त्याच्या ओळखीचे तीन वकील होते. पण वकील अर्थ सांगतो तो बरोबर सांगतो. पुतण्याला तो नको होता.

कागद तयारच होता. वर ठळक अक्षरात लिहिले होते: कुलमुखत्यारपत्र. अक्कांनी त्या शब्दावर बोट ठेवून विचारले, हे काय. काकांचा चष्मा कपाळावर गेला.

"थांबा, फोड करू. मुखत्यार म्हणजे मुख्य माणूस. आणि कुल म्हणजे कूळ, घराणं. बाई, तुम्ही याला आता घराण्याचा कर्ता नेमलात. लग्नकार्यात, मयताला, चार लोकांत तुमच्या घरातर्फे हा उभा राहील. मानाचा कागद आहे हा. सगळ्यांच्या नशिबी येत नाही."

अक्का खूश झाल्या. आपल्यामागे घरातर्फे कोणीतरी उभे राहील, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि नेमकी तीच कोणीतरी कागदावर मांडून दिली होती. पुतण्या खाली मान घालून उभा होता. त्याने काकांची चूक दुरुस्त केली नाही.

मी पण केली नाही. कुल हा अरबीतून आलेला शब्द. कूळ नव्हे, कुल म्हणजे सगळे, एकूण. कुलमुखत्यार म्हणजे ज्याला सगळे अधिकार दिले तो. मीटर बदलण्यापुरते द्यायचे असेल तर खासमुखत्यारपत्र करतात. आणि या कागदाच्या सातव्या कलमात 'सदर मिळकतीची विक्री करणे' असे होते. मी ते उलटे वाचले, काकांच्या टेबलाच्या या बाजूने. चाळीस वर्षांत उलटे वाचायला येतेच. घशाशी वाक्य आले होते. पण चार माणसांत काकांना खोटे पाडायचे, पुतण्याला चोर म्हणायचे, आणि माझेच चुकत असेल तर? असा विचार करत मी साक्षीदाराच्या जागी माझे नाव घातले. अक्षर माझे चांगले आहे.

नोंदणी कार्यालय वरच्या मजल्यावर. अक्का जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबत होत्या आणि पुतण्या त्यांना हात देत होता. हात मात्र त्याने मनापासून दिला, एवढे कबूल केले पाहिजे. काकाही मागून आले. मानाचा कागद म्हटल्यावर ते खाली थोडेच बसणार.

निबंधक बाई नव्याने आल्या होत्या. आधीचे साहेब मान वर न करता विचारायचे, सही तुमचीच ना, आणि शिक्का मारायचे. या बाईंची एक खोड होती. त्या देणाऱ्याला कागद पालथा घालायला लावत आणि आत काय लिहिले आहे ते तोंडी विचारत. त्यामुळे रांग जिन्यापर्यंत जायची आणि सगळे दस्तलेखक त्यांच्या नावाने बोटे मोडायचे.

आमची पाळी आली. अक्कांनी कागद पालथा घातला आणि फोडकाकांनी सांगितले होते ते तसेच्या तसे सांगितले. पुतण्याला घराण्याचा कर्ता नेमला आहे. कार्याला, मयताला तो उभा राहील. शिवाय मीटरचे बघेल.

बाईंनी कागद सुलटा करून पहिल्यापासून वाचला. म्हणाल्या, "तुम्ही सांगताय ते यात कुठेच नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मी," काका पुढे झाले. "पस्तीस वर्षं झाली मला या आवारात. शब्दातच आहे ते, मॅडम. कुल म्हणजे कूळ."

बाईंनी त्यांना शांतपणे विचारले, की मग या कागदावर घर विकता येईल की नाही. काका हसले. नवीन पोरीला काय कळते, असे ते हसणे होते.

"घराचा इथं संबंध काय? हा मानाचा कागद आहे."

"असं म्हणता? मग मी नोंदवत नाही," बाई म्हणाल्या. "लिहिणाऱ्याला एक वाटतं, देणाऱ्याला तेच वाटतं, आणि कागद तिसरंच बोलतो. देणाऱ्याला कळलेलं नाही, असा शेरा मारून परत करते."

खरे तर काकांनी इथे गप्प बसायचे होते. पण अर्थाचा अपमान झाला होता. त्यांनी आवाज चढवला. ग्रंथात आहे म्हणाले. कुलदैवत, कुलवधू, कुलभूषण असे एकेक दाखले देऊ लागले. रांगेतले लोक पुढे सरकून ऐकू लागले. काका जितके समजावत होते तितका बाईंचा शेरा लांबत होता, आणि पुतण्याच्या मानेवरची शीर तट्ट फुगत होती. त्याने दोनदा काकांची बाही ओढली. तिसऱ्यांदा त्याचा धीर सुटला.

"काका, गप्प बसा हो तुम्ही!" तो ओरडला आणि अक्कांकडे वळला. "काकू, कुल म्हणजे सगळं. घराणंबिराणं काही नाही. सगळे अधिकार, असं आहे ते. तुम्ही फक्त म्हणा, मला कळलं."

आजवर त्या शब्दाचा बरोबर अर्थ अक्कांना सांगणारा तो पहिलाच माणूस. तिथे एक पंडित होता आणि एक नक्कलनवीस होता. बरोबर बोलला तो चोर.

अक्कांनी विचारले, "सगळं म्हणजे काय काय?"

"सगळं म्हणजे सगळं. लागेल ते."

"घर धरून?"

पुतण्या म्हणाला, की तसे लिहावे लागते, सगळेच लिहितात, नुसती पद्धत आहे.

अक्का म्हणाल्या, "माझ्या मयताला उभा राहशील म्हणून दिला होता कागद. तोवर तरी थांबायचं होतंस."

त्यांनी कागद उचलला, चार घड्या केल्या आणि पिशवीत टाकला. पुतण्याने हात पुढे केला. अक्कांनी तो हात बाजूला करून टेबलाचा आधार घेतला. मग मला विचारले, "भावजी, तुम्ही तर कोर्टातच होतात. तुम्हाला ठाऊक होता हा शब्द?"

मी 'हो' म्हणालो. खोटे बोलायलाही एक धमक लागते.

"मग साक्षीदार मी चुकीचा आणला," त्या म्हणाल्या, आणि जिन्याकडे निघाल्या. मी हात द्यायला गेलो नाही. एक दस्तलेखिका रांगेतून बाहेर पडून त्यांच्याबरोबर खाली उतरली. पुढे मीटरच्या कामाचे खासमुखत्यारपत्र अक्कांनी तिच्याच नावे, तिच्याचकडून लिहून घेतले. साक्षीला मला बोलावले नाही.

पुतण्या पुन्हा आला नाही. नंतर कळले, घराचा व्यवहार त्याने आधीच ठरवून ठेवला होता.

आणि फोडकाका? तुम्हाला वाटेल, तोंड दाखवायला जागा राहिली नसेल. आठ दिवसांत ते सांगत सुटले, की पुतण्याचा डाव मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. बाईला मुद्दाम उलटा अर्थ पढवला, म्हणजे निबंधकांपुढे तिचे उत्तर चुकावे आणि दस्त अडावा. "सरळ सांगितलं असतं तर त्यानं दुसरीकडून करून घेतला असता. डोकं लागतं," ते म्हणायचे. लोकांना ही गोष्ट फार आवडली. पाटीचा दगड बहुधा याच गोष्टीतून निघाला आहे.

एकदा हीच गोष्ट घेऊन ते अक्कांकडेच गेले, कोटाचे कोपर रफू करायच्या निमित्ताने. बायको तिथे बसली होती, तिने मला सांगितले. काका म्हणाले, बाई, माझ्यामुळे घर वाचलं तुमचं. अक्कांनी सुईत दोरा ओवला. म्हणाल्या, "उपकार झाले. बसा. एक शब्द अडलाय, तेवढी फोड करून द्या. नालायक म्हणजे काय?"

काकांचा चष्मा कपाळावर गेला. "ना म्हणजे नाही," ते म्हणाले, "आणि लायक म्हणजे..." मग त्यांनी चष्मा खाली घेतला. पस्तीस वर्षांत त्यांची बरोबर होत आलेली ही एकच फोड, ती पण पुरी केली नाही.

दोन वर्षांनी काका गेले. शोकसभेत तीन जणांनी 'फिरून याद' सांगितले आणि मी मागच्या बाकावरून टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते.

त्या सभेनंतर आठवड्याभरात अक्कांनी बायकोबरोबर एक मोठे पाकीट पाठवले. आत त्यांचे मृत्युपत्र होते, सही न केलेले. चिठ्ठीत लिहिले होते, की यातल्या प्रत्येक अवघड शब्दासमोर समासात त्याचा सरळ अर्थ लिहून द्या. पुढे मी ते निबंधक बाईंना दाखवणारच आहे, असेही खाली होते. चाळीस वर्षांनी मला समासात लिहायची परवानगी मिळाली होती. मी तीन दिवस घेतले. मृत्युपत्रात घराचा मागचा भाग धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, 'तहहयात राहण्यासाठी' ठेवला होता. तहहयातसमोर मी पेन्सिलने सुबक अक्षरात लिहिले, 'जिवंत असेपर्यंत'.

दुसऱ्या दिवशी पाकीट परत आले. माझ्या त्या दोन शब्दांखाली काळ्या दोऱ्याने एक टाका घातला होता आणि बाजूला पेन्सिलने लिहिले होते: "कोण जिवंत असेपर्यंत, भावजी? ती, तुम्ही, की मी? यावेळी पुरतं लिहा."

मी खोडरबर घेतला आणि पुरते लिहिले.